पस्तीस भाग सोडा

मी जन्माचा संशयी. दूधवाला माप भरायचा तेव्हा आई त्याच्याशी त्याच्या म्हशीबद्दल बोलायची आणि मी त्याच्या अंगठ्याकडे बघायचो, मापात किती बुडतोय ते. माझ्या लग्नाची गोष्ट निघाली की मी विचारायचो, एवढी चांगली मुलगी ते मलाच का देताहेत? आई कपाळाला हात लावायची. पुढे पुण्याला जाऊन रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, आणि ज्या खोडीबद्दल घरात बोलणी खाल्ली त्याच खोडीवर मला सरकारी नोकरी लागली.

नोकरी शेतकी खात्यातली, मुक्काम बारामती, आईही बरोबर. तीस साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. कचेरीच्या मागच्या खोलीत एक काटा, थेंब मोजायच्या दोन ब्युरेट नळ्या, आम्लाच्या बाटल्या आणि डोक्यावर तापणारा पत्रा, एवढी माझी प्रयोगशाळा. इंदापूर तालुक्यातल्या कालव्याखालच्या जमिनींची माती आणायची, तीत सोडा किती आहे ते काढायचं आणि कागद वर पाठवायचा. वर म्हणजे आमचे रावसाहेब. त्यांना माती बघायची हौस नव्हती, आकडा बघायची होती.

कालव्याचं पाणी येऊन बरीच वर्षं झाली होती. ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, आणि त्यांच्या मागोमाग जमिनीच्या पोटातला सोडाही वर आला. पाणी उदंड आणि निचरा नाही. उन्हाने पाणी उडून जायचं आणि सोडा वरच बसायचा. उन्हाळ्यात सकाळी जावं तर रानावर पिठूळ पांढरा थर. अशा जमिनीला चोपण म्हणतात. ती ओली असली की पाय रुततो आणि वाळली की कुदळ उडते. पाणी घातलं तर वर नुसतं उभं राहतं, मुरत नाही.

खात्याने त्या सुमारास एक नियम केला होता. चोपण जमिनीला कालव्याचं पाणी देऊन ते फुकट घालवायचं नाही. अशा जमिनीचं नाव पाण्याच्या यादीतून काढायचं. मात्र काढण्याआधी एकदा औषध करून बघायचं. औषध म्हणजे जिप्सम. जमिनीच्या एका पट्टीत जिप्समची भुकटी मिसळायची, पाणी द्यायचं, दोन महिन्यांनी माती पुन्हा तपासायची. सोडा हटला तर पाणी चालू, नाही हटला तर बंद.

ज्या रानाची ही गोष्ट आहे ते एका म्हाताऱ्याचं होतं. मुलगा जाऊन चार वर्षं झालेली. घरात तो आणि त्याची विधवा सून, एवढी दोनच माणसं. रान तेवढं एकच. त्यातला एक कोपरा चोपण झालेला, बाकीच्यात नवा ऊस लावलेला. त्या कोपऱ्यातल्या चार गुंठ्यांच्या पट्टीवर सगळ्या रानाचं पाणी अडकलं होतं, आणि वैशाखात एक पाळी चुकली तरी लागणीचा कोवळा ऊस जळणार हे सांगायला शेतकी खात्याची गरज नव्हती.

माघात मी पहिला नमुना घ्यायला गेलो तेव्हा म्हाताऱ्याने मला घोंगडी टाकून बसवलं आणि विचारलं, "साहेब, तुमी कंच्या खात्याचं?"

"शेतकी."

"व्हय, व्हय. शेतकी." त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं. "मग ह्यो पांढरा खार कशापायी न्ह्यायचा म्हणायचा?"

"तपासायला."

"कुनी तपासायचा?"

"मीच."

"आन मग?"

मला हे विचारणं आवडलं नाही. ज्याच्या मनात काही नाही तो एवढे प्रश्न विचारत नाही, असं माझं मत. तेवढ्यात त्याची सून चुलीवरून एक कढई उतरवून घाईघाईने आत घेऊन गेली. कढईच्या काठाला पांढरी कड होती. मी तेही मनात टिपून ठेवलं. पाहुण्यासमोरून भांडं लपवायचं म्हणजे त्यात काहीतरी असणारच.

तरी म्हाताऱ्याशी बोलायला मला बरं वाटायचं. तो ऐकायचा. मी त्याला समजावून सांगितलं, की सोडा आणि जिप्सम एकमेकांना भेटले की त्यांची अदलाबदल होते. सोड्याची जागा चुनखडी घेते, ती कुणाला त्रास देत नाही. उरतो तो एक साधा क्षार, तो पाण्याबरोबर वाहून जातो. पण ही अदलाबदल मापातच होते. सोड्याच्या एका रेणूला जिप्समचा एकच रेणू लागतो. आज मुलं याला मोल म्हणतात आणि मोलांचं गुणोत्तर म्हणून पाठ करतात. आमचे प्राध्यापक ग्रॅम-रेणू म्हणायचे. मी म्हाताऱ्याला 'कण' म्हणालो.

"एकाला एक," मी म्हणालो. "पण सोड्याचा कण हलका आहे आणि जिप्समचा जड. म्हणून सोडा एकशे सहा तोळे असेल तर जिप्सम एकशे बहात्तर तोळे घालावं लागतं."

"मंजी सावडीवानी," म्हातारा म्हणाला. "माज्या घरचा येक गडी तुमच्या रानात, तुमच्या घरचा येक माज्या रानात. मग तुमचा पैलवान आसू द्या आन माजा पाप्याचं पितर. माणसाला माणूस."

कॉलेजात आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे वर्षभरात कळलं नव्हतं. ती वजनाला वजन लावायची आणि नापास व्हायची. मी खूश होऊन म्हणालो, "बरोबर, आबा!"

"मग वजन कशापायी करायचं? गडी मोजा की."

"गडी दिसत नाहीत हो. फार बारीक. म्हणून पोतं तोलायचं. एकाचं वजन ठाऊक असलं की पोत्यात किती ते निघतं."

त्याला ते पटलं. मला मात्र ती कढई विसरता येईना.

पहिल्या नमुन्यात जेवढा सोडा निघाला त्याला आपण शंभर भाग म्हणू. त्या शंभरांना पुरेल एवढं जिप्सम मी मागवलं. आलं निम्मं. सरकारी मागणीला निम्मं आलं तर ते पुष्कळच आलं असं समजायची पद्धत होती. मी तेवढंच पट्टीत मिसळून घेतलं. ती भुकटी पसरताना बांधावर बसलेल्या बायका हसत होत्या. पांढऱ्या रानात सरकारने आणखी पांढरं ओतलं, याची त्यांना मजा वाटत होती. त्यांनी तिला 'सरकारी रांगोळी' असं नाव ठेवलं.

निम्मं जिप्सम म्हणजे पन्नास भाग सोडा जाणार. उरलेल्या पन्नासांना जोडीदारच नाही, ते कुठे जाणार? पाण्याबरोबर थोडेफार खाली उतरतील, पण चोपणात पाणी मुरतंच किती? फार तर पाच भाग धरा. म्हणजे दोन महिन्यांनी पंचेचाळीस भाग सोडा तिथे असायलाच हवा होता. रावसाहेबांना मी तसं आधीच सांगून ठेवलं होतं, की सोडा निम्म्यावर आला तरी औषध लागू पडलं असं समजा आणि पाणी चालू ठेवा. ते हो म्हणाले होते.

चैत्रात दुसरा नमुना घ्यायला गेलो. लॉरीतून उतरून दोन मैल चालून गेलो, ऊन मी म्हणत होतं. इथे माझ्या हातून जी चूक झाली ती सांगायला मला अजून जड जातं. मी बांधावरच्या बाभळीखाली बसलो आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "आबा, पाच ठिकाणची माती घ्या वीतभर खोलपर्यंतची, आणि या पिशवीत भरा." नियमाप्रमाणे ती मी माझ्या हाताने घ्यायला हवी होती.

म्हातारा गेला. मी बघत होतो. आधी त्याने बाभळीची एक फांदी घेतली आणि पट्टीच्या पलीकडच्या अंगाला ती जमिनीवरून ओढत फिरला. मग वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग पिशवी घेऊन आला.

"फांदी कशाला फिरवलीत?"

"काटंकुटं व्हतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता खाली बसला.

बारामतीला येऊन मी माती पाण्यात ढवळली, गाळली, पाण्यात मिथिल ऑरेंजचा थेंब टाकला आणि ब्युरेटमधून गंधकाम्ल सोडायला लागलो. पिवळ्याचा तांबूस रंग झाला की थांबायचं; जितकं आम्ल गेलं तितका सोडा. नळी अजून भरलेली दिसत होती आणि रंग बदललासुद्धा. हिशेब केला, दहा भाग.

आता आधी मी कुणावर संशय घ्यावा? स्वतःवर. एवढा प्रामाणिकपणा मी तेव्हा केला हे नमूद करतो. मिठाचं आम्ल असतं तर एका सोड्याला त्याचे दोन रेणू लागतात, गंधकाम्लाचा एकच पुरतो. बाटली चुकली की उत्तर दुपटीने इकडे-तिकडे होतं. मी बाटली हुंगली, चिठ्ठी वाचली, नवीन आम्ल करून पुन्हा थेंब मोजले. तीन वेळा केलं. दहा म्हणजे दहाच.

पंचेचाळीस हवे होते, दहा आहेत. पस्तीस भाग सोडा जमिनीतून नाहीसा झाला होता आणि त्याला न्यायला जिप्समचा एक कणही तिथे शिल्लक नव्हता. जिप्समला पगारवाढ देऊन ते जास्त काम करत नाही. मग राहिलं कोण? कढई लपवणारी सून आणि फांदी फिरवणारा सासरा. पिशवीत कोपऱ्यातली चोपण माती नाहीच, म्हाताऱ्याने उसातली चांगली माती मिसळली, पाणी टिकावं म्हणून. मला सगळं लख्ख दिसलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. बाजारी माणूस मला फसवू शकतो, पण गुणोत्तराला कोण फसवणार?

मी त्याच दिवशी इंग्रजीत कागद लिहिला. धारकाने नमुन्यात लबाडीने दुसरी माती मिसळलेली आहे, सबब प्रयोग बाद समजावा. 'असावी' असं लिहिता आलं असतं. मी 'आहे' लिहिलं. चौथ्या दिवशी रावसाहेबांनी त्यावर शेरा मारला, पाणी बंद.

यानंतर बारा-तेरा दिवसांनी आमच्या अंगणात पापडांचा घाट होता. आळीतल्या बायका पोळपाट घेऊन जमल्या होत्या, उडदाचं पीठ कुटून कुटून मऊ केलं जात होतं, आणि मी चहासाठी घोटाळत होतो. आई शेजारणीला सांगत होती, "औंदा खार काय सुरेख मिळालाय! पापड कसा फुलून येतो बघ."

माझं लक्ष वाटीकडे गेलं. पापडखार. जन्मभर खाल्ला होता, कधी विचार केला नव्हता. मी चिमूटभर उचलला, ताकाच्या भांड्याजवळ लिंबाची फोड पडली होती ती त्यावर पिळली. फसफसून वर आला.

"हा कुठून आणलास?"

आईचा हात थांबला. बाकीच्या बायकाही लाटायच्या थांबल्या. "बाजारातून," ती म्हणाली.

"कुठल्या दुकानातून?"

"तुला काय करायचंय? तू सरकारी माणूस. तुझ्यासमोर बोलायची चोरी."

आईने माझ्यावर संशय घ्यावा! मी वाटी उचलून कचेरीतल्या खोलीत गेलो आणि आम्ल लावून बघितलं. जवळजवळ निव्वळ सोडा. परत आलो तेव्हा बायका गेल्या होत्या. मी आईसमोर बसलो आणि चोपण जमिनीची सगळी हकिगत तिला पहिल्यापासून सांगितली. पाणी बंद झालं हेही सांगितलं.

आईने हातातलं पीठ खाली ठेवलं. "अरे, ती इंदापूरकडची बाई आहे. आठवड्याच्या बाजाराला येते. रानावरचा खार सकाळी केरसुणीने झाडते, पाण्यात विरघळवून निवळ घेते आणि कढईत आटवते. उघड्यावर मांडत नाही, पदराखालून देते. मिठाच्या चळवळीत माती उकळणाऱ्यांना धरून नेलं होतं ना, तेव्हापासून या बायका भ्यायल्यात. त्यातून औंदा त्यांच्या गावात मिठाचा साहेब फिरतोय म्हणे. माती पिशवीत भरून नेतो."

"मिठाचा साहेब?"

"चष्मा लावतो, छत्री घेऊन येतो." आईने माझ्या चष्म्याकडे बघितलं. "आणि ती म्हणत होती, सरकारने रानात रांगोळी टाकलीय, म्हणून खार औंदा दोनदा गाळावा लागतो."

मी तिथेच बसून राहिलो. पस्तीस भाग सोडा आमच्या अंगणात, साडीवर, ओळीने वाळत पडला होता. माती खरी होती. नमुना खरा होता. कोपरा खरोखरच सुधारला होता, अर्धा माझ्या जिप्समने आणि अर्धा एका बाईच्या केरसुणीने. फांदी फिरवली होती ती केरसुणीच्या खुणा मोडायला, सून पकडली जाऊ नये म्हणून. रेणूला रेणू मी बरोबर मोजला होता. त्या पट्टीत बाहेरून कुणी येतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं. माझी मलाच इतकी चीड आली की मी चहाचा कप भिंतीवर फेकणार होतो. तो आईचा आवडता होता म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लॉरीने आम्ही दोघं गेलो. आईने स्वतःच येते म्हटलं. "तुला बघून ती तोंड उघडायची नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. पाणी बंद होऊन पंधरवडा होत आला होता. बांधाकडेचा ऊस पिवळा पडला होता, पानं गुंडाळली होती. म्हातारा त्यात उगीच फिरत होता.

आई सुनेपाशी चुलीजवळ बसली. मी ओसरीवर. पाच मिनिटांत आतून आईची हाक आली, "ये रे आत. सांगितलंय मी तिला." सून कोपऱ्यात उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. मी तिला म्हणालो, की खार म्हणजे मीठ नव्हे, त्याला कुणी धरत नाही. आईने पिशवीतून लिंबू काढलं. खारावर पिळलं, फसफसला. मिठावर पिळलं, काही झालं नाही.

सुनेने दोन्हीकडे नीट बघितलं. "लिंबाला कळतंय," ती म्हणाली. "फौजदाराला कळंल का?"

मी तिला कामाचं सांगितलं. तू दोन महिने रोज पट्टीवरचा खार झाडून नेलास असा जबाब मी लिहितो, त्यावर अंगठा दे, म्हणजे सोडा कुठे गेला ते वर कळेल आणि पाणी सुटेल. अंगठ्याशिवाय ते होणार नव्हतं, कारण एकदा लिहिलेला कागद फिरवायला दुसरा कागद लागतो.

"माती उकळली म्हनून सरकारी कागदावर अंगठा?" ती म्हणाली. "आदी मला ह्ये सांगा, आमच्या नावानं तुमी काय लिवलंय? पानी तुटलं ते कशानं?"

म्हातारा दारात येऊन उभा राहिला होता.

मी माझ्या कागदाची नक्कल बरोबर आणली होती. इंग्रजीत होती. तिथे ती वाचू शकणारा मी एकटाच. मी कागद उघडला आणि मराठीत सांगितलं, "सोडा ठरल्यापेक्षा कमी आढळला, त्यामुळे थोडी शंका आहे, असं लिहिलंय."

"येवढंच?"

"एवढंच."

तिने पदर दातातून सोडला. पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ बघत होती. "खार कमी झाला तर पानी तुटतंय व्हय? कमी व्हावा म्हनून तर तुमी रांगोळी टाकली. आन इवल्याशा शंकेपायी सरकार येवढं पानी तोडत न्हाय. तुमी आनी कायतरी लिवलंय. राहिल्यालं सांगा."

दहा भाग दिसत होते आणि पस्तीस कुठे आहेत हे ती मला विचारत होती. मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती. मला खोटं बोलायला आणखी एक वाक्य सापडलं असतं तर मी बोललो असतो, पण तिचा हिशेब इतका चोख होता की जागाच उरली नव्हती. मी कागद पुन्हा उघडला आणि शब्दाला शब्द सांगितलं. धारकाने नमुन्यात लबाडीने दुसरी माती मिसळलेली आहे.

म्हातारा म्हणाला, "मी? ह्या हातानं?"

"माझी चूक झाली, आबा."

"तुमी तर समूर बसला व्हता, साहेब. बाभळीखाली. बगत व्हता की."

मी बघत होतो हे खरंच होतं. म्हातारा वळला आणि गोठ्याकडे गेला. बैलाला वैरण होती तरी त्याने आणखी टाकली. आईने मला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दुधाच्या मापाकडे बघणं वेगळं. हे तू वाईट केलंस." माझी मान वर होईना. लहानपणी छड्या खाल्ल्या तेव्हाही एवढी शरम वाटली नव्हती.

सुनेनेच मग तोड काढली. "पयला तुमचा अंगठा," ती म्हणाली. "तुमचं लिवनं खोटं व्हतं म्हनून लिवा. आमच्या भाषंत लिवा आन गावातल्या मास्तरकडनं मी वाचून घेनार. मग माजा."

मी तिथेच चुलीजवळ बसून मराठीत लिहिलं, की माझा आधीचा कागद चुकीचा आहे, नमुन्यात कुणी काही मिसळलेलं नाही, चौकशी न करता मी दोष दिला. खाली सही केली. ती म्हणाली, "अंगठाबी द्या." शाईची डबी मी जबाबासाठी आणली होती. बी.एस्सी. माणसाने अंगठा दिला. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. तिने त्यांना मधला एक शब्द पुन्हा विचारला, आणि मग स्वतःचा अंगठा टेकवला.

रावसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "यातला एक खोटा आहे," ते म्हणाले. "कोणता?" मी माझ्या पहिल्या कागदावर बोट ठेवलं. ते खूप बोलले. माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा बसला आणि बढती तीन वर्षं लांबली, त्याचं मला विशेष वाटलं नाही. फौजदार कुणाच्याही घरी गेला नाही. आठ दिवसांत चारीला पाणी आलं. बांधाकडेच्या चार-पाच सऱ्या गेल्या, बाकीचा ऊस उठला. कोपरा पुढच्या दोन वर्षांत पूर्ण बरा झाला, आणि तिथेही ऊस लागला.

तिसरा नमुना घ्यायला मी त्याच वर्षी पावसाळ्याआधी गेलो. आता माती मी स्वतः घेणार होतो, खुरपं मीच नेलं होतं. म्हाताऱ्याने घोंगडी टाकली, पाणी दिलं, रीतभात सगळी पहिल्यासारखीच. रानात गेल्यावर मी खाली बसलो तसा तो म्हणाला, "जरा थांबा, साहेब." तो चारीपाशी गेला, बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, सावकाश. मग माझ्यासमोर येऊन त्याने दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे.

"बगून घ्या," तो म्हणाला.

"आबा, हे नको. मी तुम्हाला काही म्हणतोय का?"

"न्हाय, न्हाय. बगून घ्या."

तो हात पुढे धरूनच उभा राहिला. मी बघितल्याशिवाय तो ते खाली घेणार नव्हता, म्हणून मी बघितले. त्यानंतर सहा वर्षं मी त्या रानात जात होतो, आणि दर वेळी मला ते बघावे लागले.